पेन्सिलीतले आकडे

सगळ्यांत वरच्या पेपरावरची खाकी पट्टी माधवी मॅडमनी नखानं सोडवली, खाली ‘पायल गवई’ असं नाव निघालं, आणि खंडारे सर कौतुकानं म्हणाले, “घ्या! म्हणजे अकोल्याच्या शाळेतही एक पायल गवई आहे.” मॅडमनी दुसरी पट्टी काढली. स्वप्निल देशमुख. “देशमुखांना वऱ्हाडात काय तोटा,” सर म्हणाले. तिसरी पट्टी, दामिनी काळमेघ. “योगायोग म्हणतात तो हाच,” सर म्हणाले, पण आवाज जरा उतरला होता. चौथ्या पट्टीखालून अंकुर मोहोड निघाला तेव्हा ते म्हणाले, “हे जरा जास्तच होऊन राहिलं,” आणि शाळेच्या फाटकाच्या आत एकतीस वर्षं इस्त्री करून वापरलेलं त्यांचं प्रमाण मराठी तिथं पहिल्यांदा चुरगळलं. पाचवी पट्टी निघाली. कॉम्प्युटरसमोर बसलेला ललित, जो गणित शिकवतो आणि ज्याच्या पोटात काही राहत नाही, खुर्ची फिरवून अगदी निर्मळपणे म्हणाला, “सर, हे तं आपलेच पोरं हायेत.”

झालं होतं ते असं. सराव परीक्षेच्या गुणांवरून दरवर्षी पालक येतात, आवाज चढवतात, कोणाचा कोण लागतो ते काढतात. संस्थेच्या दोन शाळा, एक ही, अमरावतीतली, आणि दुसरी अकोल्यातली. माधवी मॅडमना मुख्याध्यापिका होऊन दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे सुधारणेची हौस अजून फिटली नव्हती. त्यांनी यंदा फर्मान काढलं की दहावीचे मराठीचे पेपर दोन्ही शाळांनी एकमेकांचे तपासायचे, नावावर पट्टी चिकटवून, नुसता नंबर टाकून. पट्ट्या शिपाई पिंटूनं चिकटवल्या. गठ्ठे पोचवण्याचं काम किशोर मास्तरांकडे गेलं, कारण ते अकोल्यात राहतात आणि रोज रेल्वेनं अप-डाऊन करतात. अप-डाऊन करणाऱ्या माणसावर दोन्हीकडची मंडळी काही ना काही लादतच असतात. कोणाची औषधं, कोणाचा ब्लाऊज, कोणाचा जन्माचा दाखला. किशोर मास्तरांनी शनिवारी अमरावतीचा गठ्ठा एका कापड दुकानाच्या पिवळ्या थैलीत घातला, घरी नेऊन खुंटीला अडकवला, रविवारी साळ्याच्या घरच्या बारशात बुडाले आणि सोमवारी सकाळी गाडी चुकू नये म्हणून खुंटीवरची थैली ओढून धावत सुटले. थैली न्यायची आहे एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. कुठून कुठं, ते निसटलं. शाळेत पिंटूनं विचारलं, “अकोल्याहून आणली का?” “अकोल्याहूनच आणली,” किशोर मास्तर म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. पिंटूनं थैली खंडारे सरांच्या टेबलावर ठेवली, आणि सरांनी स्वतःच्याच वर्गाचे एक्केचाळीस पेपर अकोल्याचे समजून तीन दिवसांत तपासून काढले.

आता यात खरी गंमत अशी, की शेषराव खंडारे हे अक्षर ओळखण्यात नावाजलेले. वर्गात कोणी फळ्यावर काही वात्रट लिहिलं तर ते दारातूनच नाव घेत. “दहा पावलांवरून सांगतो कोणाचं अक्षर,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि समोर आपल्याच पोरांचे पेपर असताना त्यांना एकाचंही अक्षर ओळखू आलं नाही. एक-दोनदा शंका आली होती, नाही असं नाही. एक ‘झ’ पाहून वाटलं, हा ‘झ’ कुठं तरी पाहिला आहे. पण मनानं लगेच समजूत घातली, की अकोल्यातही पोरं ‘झ’ काढतच असतील. हे अकोल्याचे आहेत हे एकदा ठरलं की सगळं अकोल्याचं दिसू लागलं. अक्षर वेगळं दिसलं, वाक्यं वेगळी दिसली, शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा त्यांना परक्या गावच्या वाटल्या. आणि ते तीन दिवस किती सुखाचे गेले! ही गोष्ट आता आठवली तशी त्यांना जास्तच लागली. एरवी पेपर तपासायला बसलं की त्यांच्या मानेमागे एक दगड यायचा. या वेळी दगड आला नाही. चहा पीत, पाय हलवत, मधेच काही गुणगुणत त्यांनी पेपरामागून पेपर बाजूला टाकले. सतरा नंबरच्या पेपरात तर ‘शाळेतल्या घंटेचे मनोगत’ या निबंधात एका पोरीनं लिहिलं होतं, ‘मला बडवल्याशिवाय तुमची सुटी होत नाही. पण पळताना एकानंही कधी मागं वळून विचारलं नाही, की बाई, तुला लागलं का.’ खंडारे सरांनी आठपैकी साडेसात दिले, जे त्यांनी उभ्या नोकरीत कोणाला दिले नव्हते, आणि स्टाफरूममध्ये ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. वर म्हणाले, “याला म्हणतात शिकवणं. आपल्या पोरांना हे सुचणार आहे का?” सतरा नंबर पायल गवईचा होता.

ललितनं पहिल्या सत्राचे गुण नव्या गुणांशेजारी लावले. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण दोन आकडे दिसले की ते शेजारी लावल्याशिवाय गणिताच्या माणसाला चैन पडत नाही. “सर, तुमाले मानलं बुवा,” तो पडद्यावर बोट फिरवत म्हणाला. “नावं झाकली तरी सगळ्यांले तेवढेच देल्ले. हा पाहा, बासष्ट होते, एकसष्ट. हे चव्वेचाळीस, चव्वेचाळीसच. एकदम काटा! फक्त हे दोघं थोडे इकडेतिकडे झाले.” पायल गवई, सत्रात अठ्ठावन्न, आता चौऱ्याहत्तर. स्वप्निल देशमुख, सत्रात सत्तर, आता एकसष्ट. माधवी मॅडम पडद्याकडे पाहत राहिल्या. त्या हुशार बाई आहेत. स्वप्निलचे वडील संस्थेच्या कार्यकारिणीत आहेत हे त्यांना माहीत होतं, आणि पायल खंडारे सरांच्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहते, घरी त्यांना मामाजी म्हणते, हेही माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “सराव परीक्षेचं सोडा, ते कागदावरच राहतं. पण अंतर्गत वीस गुण थेट बोर्डाच्या निकालात जातात, आणि ते आज पाचपर्यंत साइटवर भरायचे आहेत. तेवढे एकदा डोळ्यांखालून घाला, सर.” मग कोणी तरी अकोल्याला जाऊन तिथला गठ्ठा आणायला हवा, असा विषय निघाला. किशोर मास्तर, तोंड पाडून, “मीच जातो,” म्हणत होते. पण खंडारे सर आधीच उठले होते. गुणांची वही त्यांनी पिशवीत टाकली आणि अकोल्याची बस धरली. त्यांना कुठं तरी जायचं होतं, आणि अकोला त्या दिशेला होतं.

बडनेरा मागं पडलं तेव्हा त्यांनी वही उघडली. ही वही कोणालाच दाखवलेली नव्हती. खंडारे सरांना शाळेत ‘काटा सर’ म्हणतात, सोनाराच्या दुकानातल्या काट्यावरून, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या कानांनी पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी ते घरी गाणं म्हणत गेले होते. पण काटा कसा चालतो ते त्यांचं त्यांना माहीत. ते आधी पेन्सिलीनं गुण लिहीत. ते खरे गुण. मग पेन्सिल कानावर ठेवून डोळे मिटून विचार करीत, की यावर कोण काय म्हणेल. पोरगं आपल्या नात्यातलं, आपल्या गल्लीतलं, आपल्या समाजाचं असेल तर लोक म्हणतील, खंडारेनं माया केली. म्हणून चार कमी. पोरगं एखाद्या वजनदार घरचं असेल तर लोक म्हणतील, खंडारेनं राग काढला. म्हणून दोन जास्त. ज्यांच्याबद्दल कोणी काहीच म्हणणार नाही, त्यांना पेन्सिलीतले आहेत तेवढेच. मग खोडरबर, मग शाई. या सगळ्याला ते मनात ‘समतोल’ म्हणत. चाराचे पुढं पाच झाले, सहा झाले, आणि लेखी परीक्षेत तर प्रत्येक प्रश्नाला इथं अर्धा, तिथं अर्धा असं होत ते कुठल्या कुठं गेलं. आज बसच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्यांनी पान तिरपं धरलं. ‘पायल गवई, १३’. शाईखाली खोडलेल्या पेन्सिलीचा ठसा होता, कारण ते दाबून लिहितात. एकोणीस. स्वप्निलचे शाईत एकोणीस होते, पेन्सिलीत सोळा.

हे कुठून आलं तेही त्यांना पाठ होतं, आणि आजवर त्यांना त्याचा अभिमान होता. भातकुलीच्या शाळेत नववीत असताना त्यांच्या बाकावर रामराव नावाचा पाटलाघरचा पोरगा बसायचा. मनानं राजा, पण निबंधाचं नाव काढलं की पोटात दुखायचं. सहामाहीत शेषरावनं आपला निबंध लिहिला आणि तोच, चार शब्द इकडचे तिकडे करून, रामरावलाही उतरवू दिला. पेपर मिळाले. शेषरावला दहापैकी पाच, रामरावला आठ. रामराव दोन्ही पेपर हातात फडकवत पटांगणात धावत आला, “शेष्या, अबे तुह्याच निबंध हाय, मले जास्त कसे?” त्याला खरोखर कळलं नव्हतं. शेषरावला कळलं होतं. पेपराच्या पहिल्या पानावर आडनाव असतं. रामराव बिचारा म्हणाला, “चाल, गुरुजीले सांगू,” आणि मग त्याच्याच लक्षात आलं की सांगितलं तर आपले आठ जातील आणि नक्कल केल्याबद्दल दोघांनाही मार बसेल, म्हणून त्यांनी शेंगदाणे खाल्ले आणि विषय मिटवला. पण शेषरावनं त्या दिवशी ठरवलं, की आपण मास्तर व्हायचं आणि असं तोलायचं की कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये. मास्तर झाले. बोट दाखवायला जागा राहिली नाही. आज कुरुम फाट्याजवळ, बस एका ट्रॅक्टरमागं अडकलेली असताना, त्यांना पहिल्यांदा दिसलं की गुरुजींनी आडनाव पाहून गुण कापले होते आणि आपणही आडनाव पाहूनच कापले. गुरुजींचं कारण वाईट होतं, आपलं चांगलं होतं. पण निकालपत्रावर कारणाचा रकाना नसतो. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि लगेच, आपल्या नावाची आठवण होऊन, रागही आला.

शेजारच्या सीटवरच्या माणसानं संत्रं सोलायला घेतलं, आणि त्या वासासरशी पायल आठवली, कारण तिची आई वच्छला हंगामात संत्र्यांच्या गोदामावर जाते आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी दोन-दोन डागी फळं पाठवते. दिवाळीनंतर एकदा पायल फळं द्यायला आली होती. उंबऱ्यातच उभी राहिली. घरात मामाजी म्हणावं की सर म्हणावं या घोटाळ्यात तिनं दोन्ही गाळलं. “माह्यं कुठं चुकते?” तिनं विचारलं. “निबंधात मले कधीच पाचाच्या वर भेटत नाही. काय चुकते ते सांगा, मी दुरुस्त करतो.” खंडारे सरांना त्या वेळी तिचा केवढा अभिमान वाटला होता, आणि तो लपवण्यासाठी ते कपाटातलं काही तरी शोधू लागले. कपाटात तोंड घालूनच म्हणाले, “सुधारणेला वाव आहे.” पोरगी गेली. पुढच्या आठवड्यात तिनं तोच निबंध पुन्हा लिहून आणला. मग पुन्हा. सहा वेळा. प्रत्येक वेळी तिनं काही तरी बदललं होतं, कधी सुरुवात, कधी शेवट, कधी नुसती शाई. जी चूक तिच्यात नव्हती, ती शोधायला एक पंधरा वर्षांची पोर सहा वेळा बसली, आणि सहाही वेळा सरांनी मोठ्या मनानं सांगितलं, की वाव आहे. आता त्या आठवणीनं त्यांचं तोंड कडू झालं. संत्रेवाल्यानं दोन फोडी पुढं केल्या. त्यांनी नको म्हटलं, आणि मग उगाचच, “गोड आहे का?” असं विचारलं.

आणि मनात पायलच्या मागे प्रणाली उभी होती. तिच्याकडे बघायचं त्यांनी मूर्तिजापूरपर्यंत टाळलं. प्रणाली त्यांची एकुलती एक मुलगी, आता अकोल्यात एका तपासणी केंद्रात रक्त-लघवी तपासते. तीही त्यांच्याच वर्गात दहावीला होती. शाळेच्या व्हरांड्यात एक निळा फलक आहे, त्यावर दरवर्षी दहावीत पहिल्या आलेल्याचं नाव पांढऱ्या रंगानं लिहितात. प्रणालीच्या वर्षापुढं दुसऱ्याच पोराचं नाव आहे. तीन गुणांनी. त्या वर्षी मराठीच्या अंतर्गत गुणांत तिला चौदा होते, वर्गात सर्वांत कमी, आणि हे कळलं तेव्हा आख्ख्या स्टाफरूमनं खंडारे सरांना चहा पाजला. “सोताच्या पोरीलेही सोडलं नाही!” म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत गोड कौतुक तेच. ते त्यांनी पुढं इतक्यांदा आठवलं होतं की त्याचे कोपरे झिजले होते. पोरगी काही बोलली नव्हती. रडलीसुद्धा नव्हती. जेवली, झोपली, सकाळी उठून हंड्यात पाणी भरलं. पुढंही त्यांनी तिला कधी चांगलं म्हटलं नाही. दुसऱ्यांकडे ते पाणचट चहासुद्धा “झकास” म्हणून पीत. प्रणालीच्या हातचा चहा पिऊन “बरा आहे” म्हणत. तीही दर वेळी विचारायची, कसा झाला, आणि दर वेळी तेच ऐकून कप उचलायची. त्या फलकाखालून ते रोज दोनदा जातात. बारा-तेरा वर्षं त्यांनी त्या ओळीकडे मान वर करून पाहिलेलं नाही, आणि हे आपण टाळतो आहोत हेही त्यांना आज बसमध्येच कळलं. त्यांना एकदम भीती वाटली. पुढच्या वर्षी निवृत्त होताना लोक शाल घालतील, ‘काटा सर’ म्हणतील, आणि समोर पहिल्या रांगेत ही पोर टाळ्या वाजवत बसलेली असेल.

अकोल्याच्या शाळेत अकोल्याचा गठ्ठा कपाटात सुखरूप होता. तिथल्या मराठीच्या बाई सोमवारपासून किशोर मास्तरांची वाट पाहत होत्या आणि अमरावतीचे लोक कसे सुस्त यावर तिथल्या स्टाफरूमचं एकमत झालं होतं. खंडारे सरांनी तेही ऐकून घेतलं. गठ्ठा घेतला, पिवळ्याच थैलीत मिळाला, आणि रिक्षा करून ते प्रणालीच्या घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. ती नुकतीच कामावरून आली होती. जावई अजून यायचा होता.

“बाबा? फोन नाही, काही नाही? तब्येत बरी हाय ना?”

“गठ्ठा न्याले आलतो.”

“गठ्ठा तं थो हाय हातात. तोंड काहून उतरलं?” ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता चहा ठेवायला गेली.

स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून त्यांनी पेपरांचा घोळ सांगितला. पिवळ्या थैलीपाशी ती हसली. ‘अकोल्यालाही एक पायल गवई आहे’ इथं तिनं ओट्याला हात टेकला. “अन् तुमाले सोताच्या पोरांचं अक्षर ओळखू नाही आलं? दहा पावलांवरून?” “नाही आलं,” ते म्हणाले, आणि तिच्या हसण्यानं त्यांनाही थोडं हसू आलं. मग त्यांनी मांडीवरची वही चाचपली. “पायलचे अंतर्गत गुण आज भराचे हायेत,” ते म्हणाले. “शाईत तेरा हायेत.”

“अन् पेन्सिलीत?”

खंडारे सरांनी मान वर केली. पेन्सिलीचं त्यांनी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. “तुले कसं माहीत?”

“माहे अठरा होते,” प्रणाली म्हणाली. ती चहा घेऊन आली होती. कप समोर ठेवताना तिचा हात जरा जोरात आला आणि थोडा चहा बशीत सांडला. “तुमी आंघोळीले गेलते. वही टेबलावर होती. पेन्सिलीत अठरा, खोडलेले. पण तुमी दाबून लिहिता, दिसते. वरून शाईत चौदा.”

“मंग तू बोलली काहून नाही?”

“तुमीच तं वर्गात सांगत होते, पेपर हातात आल्यावर मास्तरासंग हुज्जत घालाची नाही.” ती समोरच्या खुर्चीवर बसली. काही वेळ ती भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखालचं कॅलेंडर पाहत होती. “मले वाटलं, चार मार्काचं माह्यं काही चुकलं असन. लय दिवस पाहत होतो मी, काय चुकलं ते. वह्या काढून काढून पाहत होतो.”

खंडारे सरांना एकतीस वर्षांत वर्गात कधी शब्द अडला नव्हता. आता अडला. मग त्यांनी म्हटलं, “काही चुकलं नव्हतं.” हे फार लहान वाटलं म्हणून पुन्हा म्हणाले, “तुह्यं काहीच चुकलं नव्हतं, पोरी. माह्यं चुकलं. लोक काय म्हणतीन याच्यात मी तुले पाहेलंच नाही.” बाहेर भाजीवाल्याचा भोंगा वाजत गेला, कांदे, बटाटे, वांगे. प्रणालीनं ओढणीनं नाक पुसलं आणि घड्याळाकडे बोट केलं. “पाचाले वीस मिनिटं हायेत. लावा फोन.”

ललितनं फोन पहिल्याच रिंगला उचलला. “सर, मी तुमचीच वाट पाहून राहिलो. साइट घडीघडी बंद पडून राहिली.” सरांनी वही खिडकीशी नेऊन उजेडात तिरपी धरली. “पायल गवई, तेराचे एकोणीस कर,” ते म्हणाले. ललितनं केले. मग म्हणाला, “सर, राग नका मानू, तुमच्या गल्लीतली पोरगी ना? लोक बोलतीन.” “बोलू दे,” सर म्हणाले. “स्वप्निल देशमुख. एकोणीसचे सोळा.” “कमी? सर, त्याचे बाबा कार्यकारिणीत हायेत. पुढच्या महिन्यात तुमच्या पेन्शनच्या कागदावर त्यांच्याच मीटिंगमध्ये सही होईन.” खंडारे सरांच्या मानेमागे तो ओळखीचा दगड आला. त्यांनी हातानं मान चोळली. प्रणाली समोर बसून त्यांच्याकडे पाहत होती. “पेन्सिलीत सोळाच हायेत,” ते म्हणाले. “पेन्सिलीत?” ललितनं विचारलं. “तू सोळा लिही. मॅडमनी विचारलं तं म्हण, खंडारे उद्या येऊन सांगते.” ललितच्या बोटांचा टकटक आवाज आला, मग “झालं सर, सोळा,” मग साइट पुन्हा बंद पडल्याबद्दल एक शिवी, मग “गेले सर, सगळे गेले.” घड्याळात पाचाला सात कमी होती.

त्यांनी फोन खिशात ठेवला. दगड होता तिथंच होता, पण त्यांनी मान फिरवून पाहिली तर फिरत होती. मग, काही तरी करायचं म्हणून, त्यांनी कप उचलला. चहा निवला होता. दोन घोटांत संपवला.

“कसा झाला?” प्रणालीनं सवयीनं विचारलं आणि सवयीनंच कप घ्यायला हात पुढं केला.

खंडारे सरांचं तोंड ‘बरा’साठी उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. कप हातातच धरून ते थोडा वेळ विचार करत बसले; डोळे मिटून नाही, उघडे ठेवून. “अठरा,” ते म्हणाले.

“विसापैकी?”

“विसापैकी.”

प्रणालीनं हात मागं घेतला. ती खुर्चीत नीट बसली. “दोन काहून कापले?”

“साखर नाही.”

“मागच्या महिन्यात तुमचं रक्त कोनं तपासलं? मीच ना? दोनशे चाळीस होती. साखर तुमच्या रिपोर्टानं नाही, त्यात माह्यी चूक काय?” तिचा आवाज चढला होता. “दोन मार्क वापस करा.”

एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदा हुज्जत घालत होती, आणि मुद्दा बिनतोड होता. सरांनी तो दोन्ही बाजूंनी तपासून पाहिला. “बरोबर हाय,” ते म्हणाले. “एकोणीस.”

“अन् एक?”

त्यांनी बशी तिच्यापुढं सरकवली. बशीत सांडलेला चहा तसाच होता, कपाच्या बुडाचा गोल त्यात उमटला होता. प्रणालीनं वाकून पाहिलं.

“हो,” ती म्हणाली, “हा एक माह्या हातचा,” आणि बशी पुसायला आत गेली.